काळ्या ढगात काळं काही नसतं

संगणकावर ढग बनवायला बसलेली मुलं सगळ्यात आधी आकाराच्या मागे लागतात. गोलसर गठ्ठे एकमेकांत मिसळायचे, कडा विस्कटायच्या, तळ जरा सपाट करायचा. यात हात लवकर बसतो. मग रेंडर लावलं की पडद्यावर मळकट धुराचा लोळ उभा राहतो आणि पुन्हा आकाराशी झटापट सुरू होते. खरं तर आकारात फारसं काही चुकलेलं नसतं. कल्याण ते कसारा या पट्ट्यातली, व्हीएफएक्स शिकणारी किंवा त्यात नुकतीच नोकरीला लागलेली मुलं माझ्याकडे आंबिवलीला शंका घेऊन येतात. त्यांतल्या बहुतेकांचं घोडं इथंच अडलेलं असतं. त्यांना समजावताना काढलेली टिपणं वाढत गेली आणि त्यांचं हे पुस्तक झालं.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगता येतं. ढग खरा वाटतो तो आकारामुळे थोडा आणि त्याच्यातून प्रकाश कसा गेला यामुळे फार. प्रकाश किती अडला, कुठं वळला, कुठून बाहेर पडला, हा हिशेब नीट बसला तर साधा गोळासुद्धा ढगासारखा दिसायला लागतो. हिशेब चुकला तर कितीही कोरीव आकार घ्या, तो धूरच वाटणार.

ढगात काय असतं, तिथून सुरुवात करू. वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात ते पाण्याचे थेंब, साधारण १० मायक्रोमीटर त्रिज्येचे. मध्यम आकाराच्या ढगात एका घनमीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असतं. तरी लांबी, रुंदी, उंची एकेक किलोमीटर धरली तर त्या एका ढगात ५०० टन पाणी तरंगत असतं. या थेंबांची आपल्या कामाची गोष्ट अशी, की दिसणारा प्रकाश ते जवळजवळ शोषतच नाहीत. किरण थेंबावर आदळतो, दिशा बदलतो आणि पुढं जातो. धुराचं तसं नाही. टिटवाळ्याकडच्या वीटभट्टीतून निघणारा धूर काळा दिसतो, कारण त्यातली काजळी प्रकाश खरोखर गिळते. ढग आणि धूर यांच्यातला हा फरक ज्याला कळला, त्याचं निम्मं काम झालं.

आता आकडे मांडून बघू. ढगात किरण सरासरी २५ मीटर जातो आणि थेंबाला धडकतो असं धरा. खऱ्या ढगांत हे अंतर कमी-जास्त असतं, पण हिशेबाला २५ मीटर ठीक आहे. मग १०० मीटर आत गेल्यावर न धडकता पोचलेला प्रकाश उरतो सुमारे २ टक्के. एक किलोमीटरवर तो शून्यच म्हणायचा. एवढंच गणित केलं तर ढगाचं पोट काळंकुट्ट यायला हवं. प्रत्यक्षात ते उजळ असतं, कारण धडकलेला प्रकाश मेलेला नसतो, नुसता वळलेला असतो. शिवाय तो फार वळतही नाही. ढगातले थेंब बहुतांश प्रकाश पुढच्याच दिशेला ढकलतात, त्यामुळे आपण मूळ कुठून आलो हे विसरायला किरणाला अनेक टकरा लागतात. आपल्या आकड्यांत ते अंतर सुमारे १७० मीटर भरतं. त्यानंतर तो ढगात नुसता भटकतो आणि वाट फुटेल तिथून बाहेर पडतो. हे सगळं धरून अंदाज काढला तर किलोमीटरभर जाडीच्या ढगाखाली वरच्या प्रकाशातला साधारण १८ टक्के प्रकाश उतरतो. नुसत्या पहिल्या हिशेबानं शून्य आला होता.

पाच किलोमीटर जाडीचा ढग घेतला की हाच आकडा ४ टक्क्यांवर येतो. आषाढात भर दुपारी बारा वाजता आंबिवली स्टेशनचे दिवे लावावे लागतात, ते यामुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीनं कल्याण, बदलापूरचा परिसर बुडवला. त्या दुपारचं आभाळ ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा ४ टक्क्यांचा अंधार समजावून सांगावा लागत नाही.

मग उरलेला ९६ टक्के प्रकाश गेला कुठं? वर. आला तसा आकाशात परत गेला. म्हणूनच जो ढग आपल्या डोक्यावर काळाभोर असतो, तोच इन्सॅटच्या दिवसा टिपलेल्या छायाचित्रात पांढराशुभ्र दिसतो. पेपरात पावसाळ्यात छापून येणारं ते चित्र मी मुलांना नेहमी दाखवतो. वरून पांढरा, खालून काळा, आणि थेंब दोन्हीकडे तेच. पावसाळी ढग करायचा म्हणून शेडरमध्ये काळा रंग भरणं किंवा शोषण वाढवणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. काळ्या ढगात काळं काही नसतं. तो जाड असतो, एवढंच.

ही चूक मुलांच्या अज्ञानातून होते असं मी म्हणणार नाही. ती निम्मी सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमधून येते. ब्लेंडर उघडा, व्हॉल्यूमसाठी प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम शेडर लावा. त्यातला रंग आधीपासून ०.५ वर, म्हणजे मधल्या करड्यावर ठेवलेला असतो. याचा अर्थ प्रत्येक टकरीला निम्मा प्रकाश खलास. दहा टकरांनंतर उरतो हजारातला एक भाग. हाच आकडा ०.९९ केला तर शंभर टकरांनंतरही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश शिल्लक असतो, आणि खरा थेंब त्याहूनही उदार असतो. दुसरी गोष्ट सायकल्स या ब्लेंडरच्याच रेंडररच्या लाइट पाथ्समधली. तिथं व्हॉल्यूमचे बाउन्स मुळात ० असतात. म्हणजे सूर्याचा किरण ढगात एकदाच वळणार, दुसऱ्यांदा वळायला त्याला परवानगीच नाही. वर गणितात आलेलं काळंकुट्ट पोट ते हेच. तिसरी गोष्ट अ‍ॅनिसोट्रॉपीची. ती ० वर असते, म्हणजे प्रकाश चहूकडे सारखाच विखुरतो. ढगासाठी ती ०.८५ च्या आसपास लागते. ढगामागे सूर्य असताना कडेला जी लखलखीत किनार उमटते, ती या आकड्याशिवाय कशानंच येत नाही.

घनतेचा आकडाही असाच घोळ घालतो. खऱ्या मापात, मीटरमध्ये काम केलं तर आपल्या २५ मीटरच्या ढगाला घनता ०.०४ हवी. पण बहुतेक जण किलोमीटरचा ढग दोन मीटरच्या डब्यात करतात, कारण तो पडद्यावर हाताळायला सोपा जातो. ढग ५०० पट आक्रसला, तर घनता ५०० पट वाढायला हवी, म्हणजे २०. हे न करता १ वर ठेवली की ढग विरळ धुक्यासारखा होतो. मग तो दाट दिसावा म्हणून रंग गडद केला जातो आणि पुन्हा धूर. या तीन-चार आकड्यांवर पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं खर्ची पडली आहेत. कुणाला ते जास्त वाटेल, मला वाटत नाही.

ढगांच्या रेंडरिंगचा इतिहास सांगताना बरेच जण थेट गेम्सवर येतात. तो १९५० पासून सांगायला हवा असं माझं मत आहे. त्या वर्षी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ हा ग्रंथ आला. ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा झिरपतो, हा त्यांचा विषय. वाटेत किती शोषला, किती विखुरला, दुसरीकडून किती येऊन मिळाला, याची जी मांडणी त्यात आहे, तीच आज प्रत्येक रेंडररच्या पोटात बसली आहे. किरण थेंबावरून कोणत्या दिशेला किती जातो हे सांगणारं हेन्यी आणि ग्रीनस्टाइन यांचं सूत्रही १९४१ मधलं, ताऱ्यांमधल्या धुळीसाठी काढलेलं. ब्लेंडरमधली अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणजे या सूत्रातला एक आकडा. विरळ-दाट माध्यमात पुढची टक्कर कुठं होईल हे फाशांच्या जोरावर ठरवण्याची युक्ती १९६५ मध्ये वुडकॉक आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनसाठी मांडली. ढगासाठी म्हणून यातलं काहीच झालं नव्हतं.

संगणक-चित्रणात हे गणित जिम ब्लिन यांनी १९८२ मध्ये आणलं. शनीच्या कड्यांचं चित्रण हे त्यामागचं कारण. कड्यांतले कण प्रकाश फारसा परतवत नाहीत असं धरून त्यांनी एकाच वळणाचा हिशेब केला. १९८४ मध्ये जिम काजिया आणि ब्रायन फॉन हर्झन यांनी पुढं जाऊन अनेक वळणांचा प्रश्न हाती घेतला, कारण ढग कड्यांसारखा कंजूष नसतो. बाउन्स ० ठेवून ढग रेंडर करणारा विद्यार्थी नकळत १९८२ मध्ये उभा असतो. त्यानं दोन वर्षं पुढं यायचं आहे, एवढंच मी सांगतो.

आकाराची बाजू सांभाळली केन पर्लिन यांनी. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटाच्या कामानंतर, संगणकाची चित्रं फार गुळगुळीत आणि यांत्रिक दिसतात हे खटकून त्यांनी नॉइज, म्हणजे हिशेबात बांधलेला अनियमितपणा, तयार केला. १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. स्टीव्हन वर्ली यांचा पेशींसारखा नॉइज १९९६ चा. उभ्या ढगांचे फुगवटे त्यातून येतात. उरला हे सगळं साठवण्याचा प्रश्न. एक किलोमीटरच्या घनात एकेक मीटरचे व्हॉक्सेल, म्हणजे घनाकार कप्पे, भरले तर त्यांची संख्या शंभर कोटी होते आणि प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका ढगाला ४ जीबी लागतात. केन म्युसेथ यांच्या पुढाकारानं ड्रीमवर्क्सनं २०१२ मध्ये खुलं केलेलं ओपनव्हीडीबी हे साठवणीचं तंत्र रिकामी जागा साठवतच नाही, म्हणून साध्या लॅपटॉपवरही काम भागतं.

मराठी मुलखातून आलेल्या दोन माणसांची नावं इथं घ्यायलाच हवीत. नाशिकमध्ये जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी एमआयटीत सहकाऱ्यांबरोबर २०११ मध्ये असा कॅमेरा दाखवला, जो सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रांच्या वेगानं प्रकाशाचा प्रवास टिपतो. एका बाटलीतून प्रकाशाचा स्पंद सरकत जाताना त्यात दिसतो. ते एकाच स्पंदाचं चित्रण नाही, असंख्य स्पंदांची जुळवणी आहे. पण प्रकाश माध्यमातून जाताना वाटेत विखुरतो, हे पुस्तकातलं वाक्य त्यात डोळ्यांसमोर घडतं. रेंडरर ढगात जे करू पाहतो, ते निसर्गात असं होतं. हा व्हिडिओ पाहिल्याशिवाय तिसऱ्या प्रकरणाला हात लावू नये अशी माझी विनंती आहे. दुसरं नाव पुण्याच्या विकास साठ्ये यांचं. हेलिकॉप्टरला लावायच्या शॉटओव्हर के१ या स्थिर कॅमेरा यंत्रणेच्या कामाबद्दल २०१८ मध्ये अकादमीच्या वैज्ञानिक पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते होते. आकाशातून न थरथरता टिपलेलं चित्रण हाताशी असेल, तर आपला ढग किती खरा उतरला हे ताडून बघता येतं.

प्रकाश अनेकदा विखुरतो म्हणजे काय होतं, हे घरीही बघता येतं. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च लावा. कडेनं पाहिलं तर पाणी किंचित निळसर दिसतं, टॉर्चच्या समोर जाऊन पाहिलं तर दिवा पिवळट. आता दूध थोडं थोडं वाढवत न्या. रंग जातो, समोरचा दिवा दिसेनासा होतो आणि सबंध पेला आतून पांढरा उजळतो. एका बाजूनं आलेला प्रकाश सगळ्या बाजूंनी बाहेर पडू लागतो. टॉर्चच्या बाजूची कड जास्त उजळ, पलीकडची मंद. आणखी दूध ओतलं तर पलीकडची बाजू काळवंडते आणि अलीकडची अधिक लखलखते. दुधानं काही शोषलेलं नसतं, प्रकाश मागं फिरलेला असतो. आषाढाचा ढग आणि इन्सॅटचं चित्र दोन्ही त्या पेल्यात आहेत.

आता आपल्या आभाळाकडे वळू. हे पुस्तक आंबिवलीत बसून लिहिण्याचं खरं कारण ते आहे. अभ्यासासाठी डिस्नेनं मोफत दिलेला ढग सगळेच वापरतात. ढग उत्तम आहे, पण तो मोकळ्या आकाशात एकटा उभा राहिलेला डौलदार ढग आहे. बाजारात मिळणारे तयार संचही बहुधा तसलेच, निळ्या आकाशातले पांढरे. मराठी सिनेमातल्या सह्याद्रीवर ते आणून ठेवले की डोळ्यांत खुपतात. आपल्याकडे तसं आभाळ पाऊस सरल्यावर, थोड्या दिवसांपुरतं दिसतं. जूनच्या मध्यापासून इथं राज्य असतं ते खालून धावणाऱ्या फाटक्या ढगांचं, त्यांच्यावर पसरलेल्या जाड थराचं आणि मधूनच उघडीप मिळाली तर त्याहून वर दिसणाऱ्या पिंजारलेल्या हिमढगांचं.

ढगाचा तळ किती उंचीवर ठेवायचा, हा प्रश्न मुलं नजरेनं सोडवतात. त्याला हिशेब आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर अंशाच्या फरकाला तळ साधारण १२५ मीटर वर जातो. जुलैमध्ये तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल तर तळ येतो ३७५ मीटरवर. आंबिवलीहून दक्षिणेला पाहिलं तर मलंगगडाचा माथा पावसाळ्यात दिवस दिवस दिसत नाही, तो याचमुळे. मे महिन्यात ३६ आणि २४ असे आकडे असतील तर तळ दीड किलोमीटरवर जातो आणि मुरबाड-माळशेजच्या बाजूला वळवाचे ढग डोंगरांच्या बरेच वर उभे राहतात. कथा आषाढातली आणि तळ वैशाखातला, अशी दृश्यं मी मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतही पाहिली आहेत. प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण पाऊस खोटा वाटतो.

वाऱ्याचं तर त्याहून मोठं आहे. बहुतेक सॉफ्टवेअरात ढगांच्या थरांना मिळून एकच दिशा दिली जाते. कोकणातल्या पावसाळ्यात ती चालत नाही. खालचे ढग नैऋत्य-पश्चिमेकडून येतात आणि सह्याद्रीकडे धावतात. बारा-पंधरा किलोमीटरवर मात्र पूर्वेकडून पश्चिमेला जोरदार वारा वाहत असतो. हा उष्णकटिबंधीय पूर्वी झोत भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात उजेडात आणला. उघडीप मिळाली की हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं: खालचे करडे तुकडे घाटाकडे पळताहेत आणि वरची पांढरी पिसं समुद्राकडे सरकताहेत. दृश्यात हे एवढं केलं, तरी कोकणात राहिलेल्या माणसाला आभाळ ओळखीचं वाटतं. मला या कामातली ही सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते.

थेंबांच्या आकाराचे आकडे हवेत म्हणून कुणाला परदेशी तक्त्यांवर विसंबून राहायचं कारण नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, २००९ पासून ‘कायपीक्स’ या मोहिमेत विमानं ढगांत नेऊन मोजणी केली आहे. महाबळेश्वरला २०१२ पासून तिची ढगभौतिकी प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथं ढग जमिनीवरच उतरतो, त्यामुळे थेंब मोजायला विमानाची गरज पडत नाही. चित्रकामातली माणसं आणि या संशोधनातली माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. ती भेटावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण दोघांचा विषय एकच आहे.

गेम्सचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. तिथं वेळ नसतो. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद, आणि ढगांच्या वाट्याला त्यातले दोनेक. गुरिला गेम्सच्या अँड्र्यू श्नायडर यांनी ‘होरायझन झीरो डॉन’साठी २०१५ मध्ये मांडलेली पद्धत आजही पायाभूत आहे: पर्लिन आणि वर्ली मिसळलेला १२८ घनाचा एक नॉइज ठोकळा, कडा कुरतडायला ३२ घनाचा दुसरा आणि दर फेरीत सोळांतला एकच पिक्सेल नव्यानं काढायचा. तिथं अनेक वळणांचा खरा हिशेब परवडत नाही, म्हणून त्याचा भास उभा करावा लागतो. भास उभा करणाऱ्याला खरा हिशेब आधी माहीत असायला हवा, नाहीतर तो चुकीच्या गोष्टीची नक्कल करतो.

पुस्तक ब्लेंडरवर बेतलं आहे, कारण ते मोफत आहे आणि त्यासाठी कुणाकडे हात पसरावे लागत नाहीत. गणित बारावीपलीकडचं नाही. घातांकी ऱ्हास समजला की पुरे. प्रत्येक प्रकरणाशेवटी आभाळाचा स्वाध्याय आहे, तो टाळू नये. फोटो काढताना फोनचं एक्सपोजर उजळ कडेवर धरून लॉक करा. नाहीतर फोन काळा ढग आपल्या मनानं उजळवतो, आणि उजळ कड व काळं पोट यांच्यातलं जे प्रमाण आपल्याला हवं असतं, तेच हरवतं. वेळ, दिशा आणि सूर्य कुठं होता हे लगेच टिपून ठेवा. फोटो गच्चीवरून किंवा फलाटावरून घ्या, चालत्या लोकलच्या दारातून अजिबात नको. चांगला ढग दिसला तर पुढच्या स्टेशनला उतरा. उभा ढग सहसा वीस-तीस मिनिटं टिकतो आणि मागून टिटवाळा नाहीतर आसनगाव लोकल येतेच.